रावळगावची गोळी आणि वडिलांची आठवण

प्रश्न : पगाराच्या दिवशी वडील कचेरीतून येताना रावळगावची चॉकलेटे आणीत. ते गेल्यापासून मन उदास झाले की मी तीच शोधते. हे चॉकलेटातील द्रव्याचे व्यसन तर नव्हे? मला मधुमेह आहे.
— एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे

उत्तर : ताई, व्यसनाची फिकीर सोडा. उद्योगपती वालचंद हिराचंदांनी १९३३ साली मालेगाव तालुक्यातील रावळगावात स्थापिलेल्या साखर कारखान्यात १९४२ पासून बनू लागलेल्या त्या साखरपाकाच्या पारदर्शक गोळ्यांत कोको मुळी नसतोच. तेव्हा आपणांस लाभणारे सांत्वन, गंध व चव यांचा मेंदूतील भावना आणि स्मृती यांच्या केंद्रांशी जो अतिनिकट संबंध असतो त्यामुळे जागृत होणाऱ्या पितृस्मरणाचे आहे, आणि त्यात लज्जास्पद असे काहीच नाही.

मात्र गोळी म्हणजे जवळजवळ निव्वळ साखर. म्हणून आपल्या डॉक्टरांना विचारून, जेवणानंतर, क्वचित एखादीच घ्यावी व घरात साठा करू नये. पुडी घरच्या मुलांना वाटून त्यांना वडिलांच्या गोष्टी सांगण्यात अधिक समाधान आहे, असे माझे मत आहे.

झोप, भूक व कामातील गोडी दोन आठवड्यांहून अधिक काळ हरपली, तर ससून रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात निःसंकोच जावे.