दोन शिळफाटे

शिळफाटा, खोपोली

चि. बाळास,

कर्जत-खालापूरच्या फार्महाउसांची वेबसाइट करतेयस, आनंद वाटला. पण प्रत्येक पानाच्या पत्त्यात जिल्हा, तालुका, गाव, प्रकार, नाव असे पाच थर रचलेस, तेही गूगलला आवडेल म्हणून, आणि सगळा कोड त्या थरांवर बेतलास. तिथे माझं मन अडलं.

आपल्या फाट्याचंच बघ. एक शिळफाटा इथे, जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर. दुसरा ठाणे जिल्ह्यात, कल्याणच्या वाटेवर. मुंबईचा पाहुणा हमखास विचारतो, कुठला? इंग्रजीत लिहिताना कोणी 'एफ' लावतो, कोणी 'पीएच'. आणि नावं बदलतातही. हा रायगड जिल्हा १९८१ पर्यंत कुलाबा होता.

टपाल खात्यात श्रीराम भिकाजी वेलणकरांपुढे हाच गुंता होता: सारखी गावं, अनेक भाषा, चुकलेली स्पेलिंगं. त्यांचा पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला. पाकिटावरचं गावाचं नाव तसंच राहिलं, जोडीला आकडा आला. खोपोलीचा ४१०२०३.

तूही पत्त्यात आधी नोंदीचा क्रमांक घाल, मग वाचता येईल असं नाव. कोडने पान शोधताना फक्त क्रमांक बघावा. नाव जुनं किंवा चुकीचं असलं तरी पान सापडेल, आणि ३०१ रीडायरेक्ट देऊन माणसाला आजच्या पत्त्यावर नेता येईल. पत्ते बनवायचं आणि ओळखायचं काम एकाच फाइलीत ठेव; पानापानांत हाताने लिंक लिहू नकोस. गूगलची काळजी सोड. प्रश्नचिन्हाचे पत्तेही आपल्याला वाचता येतात, हे त्यांनी २००८ मध्येच सांगितलंय. नाव हवं ते माणसासाठी, लिंक दाबण्याआधी आत काय आहे ते कळावं म्हणून.

मी हे पोळून शिकलो. एका हॉटेलवाल्याच्या साइटवर मी पत्त्यातच विभागाचं नाव घातलं होतं. पुढे विभाग बदलले आणि त्याने छापून वाटलेल्या कार्डांवरचा पत्ता मेला. पाहुण्यांच्या खिशात गेलेली कार्डं परत कशी मागवणार? त्याचा पडलेला चेहरा अजून आठवतो.

नाव देवनागरीत घालणार असशील तर एक बघ: 'शिळफाटा'तली सात चिन्हं कॉपी करताना बऱ्याचदा टक्के-आकड्यांची ६३ अक्षरी माळ होतात. ती व्हॉट्सअ‍ॅपवर कोण वाचणार?

साइट चालू करण्याआधी ती पत्त्यांची फाइल मला पाठव. रात्री बसून वाचीन.

तुझा मामा