छायाचित्र आणि संमती : कायदा काय सांगतो?

आज घरोघरी मोबाईल आहे. लग्न असो, सत्कार असो की विद्यार्थ्यांचा गुणगौरव, टिपलेले छायाचित्र क्षणात इंटरनेटवरून शेकडो लोकांपर्यंत जाते. परंतु ज्याचे ते छायाचित्र, त्याची संमती आपण घेतो काय? याबाबत कायदा काय सांगतो, ते सभासद व विद्यार्थ्यांपुढे थोडक्यात मांडत आहोत.

येथे दोन वेगळे हक्क आहेत. पहिला, छायाचित्राच्या मालकीचा. कॉपीराईट कायदा, १९५७ नुसार सामान्यतः छायाचित्र काढणारा त्याचा मालक असतो. मात्र आपण मोबदला देऊन ते काढून घेतले असेल आणि उलट करार नसेल, तर कलम १७ नुसार मालकी आपली. म्हणून स्टुडिओवाल्याने आपल्या लग्नाचे फोटो परस्पर जाहिरातीत वापरल्यास आपण हरकत घेऊ शकतो.

दुसरा हक्क खाजगी जीवनाचा. २४ ऑगस्ट २०१७ रोजी न्या. पुट्टस्वामी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. संविधानाच्या कलम २१ मधील जीविताच्या व व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्कातच तो सामावलेला आहे. छायाचित्र काढणारा कागदाचा मालक होईल, माणसाच्या अब्रूचा नव्हे.

अर्थात, न विचारता काढलेले प्रत्येक छायाचित्र गुन्हा ठरत नाही. जाहीर सभेतील गर्दीचे चित्र ही वेगळी बाब. परंतु कोणाच्या शरीराच्या खाजगी भागाचे चित्र संमतीविना काढणे, प्रसिद्ध करणे किंवा पुढे पाठवणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ई खाली गुन्हा आहे. त्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. म्हणजे "मी फक्त पुढे पाठवले" ही सबब चालत नाही.

असा प्रसंग आल्यास काय करावे?

१) घाबरून पुरावा पुसू नये. मजकुराची लिंक, तारीख व वेळ लिहून ठेवावी.

२) संबंधित कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे तक्रार करावी. अशी नग्न किंवा बनावट चित्रे ठराविक तासांत हटवण्याचे बंधन कंपन्यांवर आहे. २०२१ साली नियम झाले तेव्हा ही मुदत २४ तासांची होती.

३) पोलीस ठाण्यात किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवावी. पैशाची धमकी आल्यास पैसे देऊ नयेत.

पालकांना आमची कळकळीची विनंती आहे. मुलीचे बनावट चित्र कोणी पसरवले म्हणून तिचे कॉलेज बंद करू नका. गुन्हा करणारा उजळ माथ्याने फिरतो आणि शिक्षण मात्र तिचे थांबते, हा दुहेरी अन्याय होय. तिच्या पाठीशी उभे राहून तक्रारीला तिच्यासोबत जा.

आणि सुरुवात आपल्यापासून करू या. गुणगौरवाचे फोटो सर्वत्र पाठवण्यापूर्वी विद्यार्थ्यांना विचारावे, लहान मुलांच्या बाबतीत पालकांना विचारावे. कोणी नको म्हटले, तर त्याचा मान राखावा.