मरणोत्तर दान : आधी घरात बोलावयाची गोष्ट

अजिंठ्याच्या १७ व्या लेण्यात शिबी राजाची कथा चित्रित आहे. पाली जातकातील हा राजा दृष्टिहीन याचकास स्वतःचे डोळे देतो. पाली परंपरेत दानाच्या तीन पायऱ्या सांगितल्या आहेत : बाह्य वस्तूंचे दान ही पारमी, अवयवांचे दान ही उपपारमी आणि प्राणांचे दान ही परमत्थपारमी. शिबीने यातना सोसून जे दिले, ते आज मृत्यूनंतर वेदनेविना देता येते. त्यासाठी मृत्यूचे दोन प्रकार समजून घेतले पाहिजेत.

हृदय थांबून मृत्यू आल्यास मुख्यत्वे नेत्र, त्वचा अशा ऊतींचे दान होते. नेत्रदान साधारणतः सहा तासांच्या आत व्हावे लागते. मृत्यू घरी झाला तरी नेत्रपेढीचे पथक घरी येऊ शकते. तोवर पापण्या मिटून त्यांवर ओला कापूस ठेवावा, पंखा बंद करावा आणि डोके उशीवर किंचित उंच ठेवावे. चष्मा, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया किंवा वार्धक्य या दानाच्या आड येत नाही.

मूत्रपिंड, यकृत, हृदय यांचे दान बहुधा मेंदूमृत व्यक्तीकडूनच होते. १९९४ च्या कायद्यानुसार चार डॉक्टरांचे मंडळ किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी करून हा मृत्यू प्रमाणित करते. ही बेशुद्धावस्था नव्हे. कोमातील रुग्ण जिवंत असतो, मेंदूमृत व्यक्ती परत येत नाही. कोल्हापुरातील अशा अवयवांचे वाटप पुण्याच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्रामार्फत प्रतीक्षायादीनुसार होते. दात्याच्या कुटुंबाकडून त्यासाठी पैसे घेतले जात नाहीत, त्यांना दिलेही जात नाहीत. शरीर व्यवस्थित शिवून अंत्यसंस्कारासाठी सोपविले जाते.

खरी कसोटी याच वेळी लागते. व्हेंटिलेटरमुळे छाती हलत असते, हात उबदार असतो. अशा क्षणी आईने ‘माझे लेकरू गेले’ हे कसे मानावे? संमतीपत्र भरलेले असले तरी प्रत्यक्षात विचारणा कुटुंबाकडेच होते. मृताची इच्छा ठाऊक नसेल तर दुःखातले घर बहुधा नकार देते. त्यात कोणाचा दोष नसतो. बोलणे राहून गेलेले असते.

वसतिगृहात आपण घासातला घास वाटून खाण्यास शिकलो. त्याच संस्काराने आज रात्री जेवताना आपली इच्छा घरच्यांना स्पष्ट सांगावी आणि त्यांचीही विचारून घ्यावी. अनित्यतेची जाण असलेल्या घरात हा विषय अशुभ ठरू नये.