कॅमेरा एकच, फोटो दोन!

"कॅमेरा खोटं बोलत नाही" असं आपण सहज म्हणतो. एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेत हे वाक्य कितपत खरं होतं, ते बघू या.

आधी थोडं तंत्र. १८३९ साली फ्रान्समध्ये दागेरोटाइप जाहीर झालं. तांब्याच्या पत्र्यावर चांदीचा थर, त्यावर आयोडीनची वाफ, मग एक्स्पोजर आणि पाऱ्याच्या वाफेने डेव्हलपिंग. निगेटिव्ह नसल्याने प्रत एकच!

१८५० साली हार्वर्डचे प्राध्यापक लुई अगासी यांच्यासाठी साउथ कॅरोलिनात सात गुलामांचे असे फोटो काढले गेले. त्यात रेन्टी आणि त्याची मुलगी डेलिया होती. अंगावरचे कपडे उतरवून त्यांना कॅमेऱ्यापुढे आणलं. वंश वेगवेगळे निर्माण झाले, हे अगासींना सिद्ध करायचं होतं. नाही म्हणायचा हक्क गुलामाला कुठला? म्हणजे इथे माणूस नाही, 'नमुना' टिपला गेला.

आता दुसरी बाजू. फ्रेडरिक डग्लस १८३८ साली गुलामीतून पळाला आणि मोठा वक्ता झाला. वर्तमानपत्रांतले चित्रकार काळ्या माणसाचं नाक-डोळे हवे तसे वेडेवाकडे काढत. त्यावर उतारा म्हणून तो आयुष्यभर स्टुडिओत जात राहिला. अंगात कोट, करारी नजर, हसू जवळपास नाहीच, कारण 'सुखी गुलाम' दिसायचं नव्हतं! त्याचे सुमारे १६० फोटो आज माहीत आहेत. त्या शतकात इतके फोटो दुसऱ्या कुठल्याच अमेरिकन माणसाचे निघाले नाहीत.

पुढे काचेची निगेटिव्ह आली आणि कागदावर हव्या तितक्या प्रती निघू लागल्या. सोजर्नर ट्रुथ हिला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण १८६४ साली तिने आपल्या फोटोचा कॉपीराइट स्वतःच्या नावावर नोंदवला. ते फोटो विकून तिने पोट भरलं आणि चळवळही चालवली. जिचं शरीर एकेकाळी विकलं गेलं, ती आता स्वतःची छबी स्वतः विकत होती!

(ही गुलामी मोडणाऱ्या अमेरिकनांनाच महात्मा फुल्यांनी १८७३ साली आपलं 'गुलामगिरी' अर्पण केलं, हे आपल्याला ठाऊक आहेच.)

रेन्टीच्या प्लेट्स १९७६ साली हार्वर्डच्या म्युझियममध्ये सापडल्या. त्याच्या वंशज म्हणवणाऱ्या एका बाईंनी २०१९ साली दावा लावला. २०२५ साली समझोता झाला आणि प्लेट्स चार्ल्स्टनच्या आफ्रिकन-अमेरिकन म्युझियमकडे द्यायचं ठरलं.

थोडक्यात काय, लेन्स तीच, केमिस्ट्री तीच. फरक पडतो तो फोटो कोणाच्या मर्जीने आणि कशासाठी निघाला यानं. रूममेटचा झोपेतला फोटो ग्रुपवर टाकण्याआधी एवढं आठवलं तरी पुष्कळ!