बाहुले चिकट झाले, फेकू का?

प्रश्न : मी खोपोलीत राहतो. ‘एलियन्स’ आणि ‘टर्मिनेटर २’ या चित्रपटांतली फिगर्स जमवली आहेत. यंदा पावसाळ्यात ती चिकट झाली. खराब झाली का? शिवाय मित्र म्हणतो, दुसरा भाग पहिल्याएवढा कधीच नसतो.
– एक वाचक

उत्तर : फेकू नका. मऊ पीव्हीसीमध्ये लवचिकपणासाठी मिसळलेलं तेलकट द्रव्य हळूहळू पृष्ठभागावर येतं, तोच हा चिकटा. उष्णतेने आणि बंद डब्यात कोंडल्याने तो वाढतो. कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब टाकून मऊ ब्रशने धुवा, सावलीत वाळवा. थिनर, स्पिरिट अजिबात नको, रंगच निघेल. बॅटरी असेल तर आधी काढा. खोपोली-कर्जतच्या दमट हवेत फिगर्स भिंतीपासून बोटभर दूर, हवा खेळेल अशी ठेवा. जवळ सिलिका जेलच्या पुड्या असू द्या. उन्हात वाळवायचा मोह टाळा. कडक भागांतलं एबीएस प्लास्टिक उन्हाने पिवळं पडतं.

आता मित्राचं. रिडली स्कॉटच्या १९७९ च्या ‘एलियन’मध्ये एकच प्राणी होता आणि भीती होती. जेम्स कॅमेरॉनने १९८६ च्या ‘एलियन्स’मध्ये तीच भीती पुन्हा न विकता युद्धपट केला, नायिका रिप्लीला आईपण दिलं. ‘टर्मिनेटर २’मध्ये (१९९१) तर पहिल्या भागातला मारेकरीच रक्षक झाला. चांगला दुसरा भाग प्रश्नच बदलतो. ‘कोई मिल गया’नंतरचा ‘क्रिश’ मला त्या कसोटीवर अर्धाच उतरलेला वाटतो. पहिल्या भागातल्या जादू या परग्रहवासीयाची उणीव भासतेच!

मित्राला ‘एलियन्स’ दाखवा, पण आधी १९७९ चा बघायला लावा.