वर्गातील नवी साधने आणि शिक्षकाचे शिकणे

बी. ए. द्वितीय वर्ष

आजचे युग हे विज्ञान-तंत्रज्ञानाचे युग आहे, हे वाक्य आपण सर्वांनीच शाळेतील निबंधात कधी ना कधी लिहिले असेल. मीही ते लिहिले आहे. मात्र ज्या शाळेत बसून मी ते लिहिले, त्या शाळेचा टीव्ही तेव्हा कार्यालयातील लोखंडी कपाटात बंद होता आणि कपाटाची किल्ली मुख्याध्यापकांच्या खिशात होती.

हा टीव्ही २०१६ साली लोकवर्गणीतून आला होता. मी तेव्हा पाचवीत होते. महाराष्ट्र शासनाने जून २०१५ मध्ये 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' हा कार्यक्रम सुरू केल्यानंतर गावोगावी 'डिजिटल शाळा' करण्याची चढाओढ लागली होती. आमच्या गावात दवंडी देऊन सभा झाली. माझे आई-वडील दुसऱ्याच्या वावरात मजुरीने जातात. वडिलांनी त्या सभेत एका दिवसाची मजुरी दिली आणि पावती देव्हाऱ्यामागे जपून ठेवली. दोन वर्षे एका सरांनी तो टीव्ही चांगला वापरला. पृथ्वीचे परिवलन मला कळले ते त्या पडद्यावर. पुढे २०१८ च्या बदल्यांत सर दुसऱ्या तालुक्यात गेले आणि टीव्ही कपाटात गेला. माझा धाकटा भाऊ त्याच शाळेत चार वर्षे शिकला, पण त्याने तो सुरू झालेला पाहिला नाही. वडील अजूनही कधीकधी विचारतात, "आपला टीव्ही चालू झाला का गं?"

सरांबरोबर टीव्हीदेखील गेला, असे का व्हावे, हा प्रश्न मला पुढे शिक्षिका व्हावयाचे असल्याने स्वस्थ बसू देत नाही. त्याचे उत्तर शोधण्याचा हा अल्पसा प्रयत्न आहे.

खडू-फळ्याची आठवण

कपाटात साधन बंद पडण्याची गोष्ट नवी नाही. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर १९८७ पासून देशभर 'ऑपरेशन ब्लॅकबोर्ड' ही योजना राबविली गेली. आपल्याकडे तिला खडू-फळा योजना म्हणत. प्रत्येक प्राथमिक शाळेला किमान दोन खोल्या, दोन शिक्षक आणि नकाशे, पृथ्वीगोल, विज्ञानपेटी, गणितपेटी असे साहित्य मिळावे, हा तिचा हेतू होता. हेतू उत्तम होता व पुष्कळ शाळांना त्याचा लाभही झाला. परंतु अनेक ठिकाणी पेट्या उघडल्याच गेल्या नाहीत. एक तर त्या कशा वापराव्यात हे शिक्षकांना कोणी नीट दाखविले नव्हते, आणि दुसरे म्हणजे साहित्य जडवस्तू संग्रहाच्या नोंदवहीत चढलेले असे. फुटले तर भरून कोण देणार, ही भीती होती. आमच्या गावच्या एका निवृत्त गुरुजींनी मला हसत सांगितले, "पोरी, साहेब तपासायले आले म्हणजे पेटी साबूत दिसली पाहिजे, एवढंच आमाले ठाऊक होतं."

दृक्-श्राव्य माध्यमांचीही कथा फारशी निराळी नाही. पुण्यात १९८४ साली 'बालचित्रवाणी' ही संस्था स्थापन झाली. उपग्रहाच्या साहाय्याने दूरदर्शनवरून शालेय कार्यक्रम खेड्यापाड्यांत पोहोचविणे हे तिचे कार्य होते. अनेक वर्षे मुलांनी ते कार्यक्रम आवडीने पाहिले. २०१७ साली ही संस्था बंद झाली. आज पाठ्यपुस्तकातील क्यूआर कोडवर मोबाईल धरला की त्या पाठाची चित्रफीत उघडते. साधने अशी बदलत गेली, तरी त्यांना वर्गाच्या कामाला लावणारा शिक्षक कसा शिकतो, याचा विचार मात्र नेहमी शेवटी झाला आहे.

प्रशिक्षणाची उतरंड

शिक्षकांना प्रशिक्षण दिलेच जात नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. केंद्र शासनाने २१ ऑगस्ट २०१९ रोजी 'निष्ठा' हा प्रशिक्षण कार्यक्रम सुरू केला. प्राथमिक स्तरावरील सुमारे ४२ लक्ष शिक्षक व मुख्याध्यापकांपर्यंत पोहोचण्याचे त्याचे उद्दिष्ट होते. पुढे कोरोनाच्या काळात २०२० मध्ये तो 'दीक्षा' या संगणकीय मंचावरून देण्यात आला. ही 'दीक्षा' ५ सप्टेंबर २०१७ रोजी, म्हणजे शिक्षकदिनी, सुरू झाली होती. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तर प्रत्येक शिक्षकाने दरवर्षी किमान ५० तास आपल्या व्यावसायिक विकासासाठी द्यावेत, असे म्हटले आहे. आमच्या वाशिम जिल्ह्यात जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था आहे. २०१८ साली नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांत वाशिमचा समावेश झाला, त्या कार्यक्रमातही शिक्षण हा एक प्रमुख विषय आहे. तेव्हा योजनांची उणीव आहे, असे म्हणता येणार नाही.

अडचण आहे ती पद्धतीत. राज्याच्या पातळीवर काही जण शिकतात, ते जिल्ह्याच्या तज्ज्ञांना शिकवितात, जिल्ह्याचे तालुक्याला आणि तालुक्याचे केंद्राला. कालव्याच्या शेवटच्या वावराला जसे उरलेसुरले पाणी मिळते, तसे दोनशिक्षकी शाळेच्या वाट्याला उरलेसुरले ज्ञान येते. ऑनलाईन प्रशिक्षणाने ही उतरंड मोडली खरी, पण तेथे दुसरे संकट आले. एका शिक्षकांनी मोकळेपणाने सांगितले की, चित्रफीत एकीकडे चालू ठेवायची, दुसरीकडे शालेय पोषण आहाराचा हिशेब लिहायचा आणि शेवटी प्रमाणपत्र उतरवून घ्यायचे. त्यांना दोष देण्यास माझे मन धजत नाही. साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, असे शिक्षणहक्क कायद्याचे प्रमाण आहे. त्या दोघांना चार वर्ग, नोंदवह्या, सर्वेक्षणे आणि निवडणुकीची कामे सांभाळावयाची असतात. प्रशिक्षणात शंका विचारायला समोर माणूस नसेल, तर थकलेला शिक्षक प्रमाणपत्रावर समाधान मानणारच.

सदस्य होणे म्हणजे काय?

येथे मला संघटनेचा विचार महत्त्वाचा वाटतो. शिक्षक संघटना म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर वेतन, बदल्या, निवृत्तिवेतन आणि पतसंस्थेचे कर्ज हेच विषय येतात. मार्च २०२३ मध्ये जुन्या निवृत्तिवेतनासाठी झालेल्या संपात शिक्षकही मोठ्या संख्येने उतरले होते. हे हक्काचे प्रश्न आहेत आणि ते मांडण्यासाठी संघटना हवीच. पण सदस्यत्वाचा आणखी एक लाभ असू शकतो, तो म्हणजे एकमेकांकडून शिकणे. त्याची परंपराही आपल्याकडे आहे.

गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना केली. ताराबाईंनी मराठी 'शिक्षणपत्रिका' चालविली. महागडी परदेशी माँटेसरी साधने खेड्यातील बालवाडीला परवडणारी नव्हती. तेव्हा ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी व कोसबाडच्या परिसरात पाने, बिया, शंख-शिंपले आणि माती यांपासून साधने केली. ही दृष्टी संघ आणि पत्रिका यांच्यामुळे इतर शिक्षकांपर्यंत गेली. पुढे कोठारी आयोगाने (१९६४-६६) शाळा संकुलाची कल्पना मांडली. जवळजवळच्या शाळांनी एकत्र यावे, साहित्य वाटून घ्यावे आणि एकमेकांच्या शिक्षकांना आधार द्यावा, अशी ती कल्पना होती.

परदेशातही असेच घडले. अमेरिकेतील ऑरेगन राज्यात १९७९ साली, म्हणजे शाळांत लहान संगणक नुकतेच येऊ लागले तेव्हा, शिक्षकांची एक संस्था स्थापन झाली. तिचे 'दि कम्प्युटिंग टीचर' हे नियतकालिक होते आणि त्यातून शिक्षक आपले वर्गातील अनुभव एकमेकांना कळवीत. १९८९ पासून ती 'इंटरनॅशनल सोसायटी फॉर टेक्नॉलॉजी इन एज्युकेशन' या नावाने ओळखली जाऊ लागली. वर्गणी भरणाऱ्या सदस्यास वाचावयास नियतकालिक, वार्षिक परिषदेत सवलत, अभ्यासक्रम आणि शंका विचारावयास समव्यावसायिक मिळतात.

आपल्या महाराष्ट्रातील उदाहरण तर सर्वश्रुत आहे. सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यात परितेवाडी येथील जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोडची जोड दिली. ३ डिसेंबर २०२० रोजी त्यांना दहा लक्ष डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. त्यांनी निम्मी रक्कम अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून देण्याचे जाहीर केले. वृत्तपत्रांनी त्यांच्या औदार्याचे कौतुक केले ते योग्यच होते. मला मात्र त्यात आणखी एक गोष्ट दिसते. आपल्या कामात इतर शिक्षकांना सहभागी मानण्याची ती वृत्ती आहे. ठाणे जिल्ह्यातील पष्टेपाडा येथील संदीप गुंड यांनीही डिजिटल शाळेचा आपला प्रयोग इतर शिक्षकांना दाखविला, म्हणूनच तो पाड्यापुरता राहिला नाही. 'ॲक्टिव्ह टीचर्स महाराष्ट्र' यासारख्या समूहांतून आज उपक्रमशील शिक्षक एकत्र येत आहेत.

एका शिक्षण परिषदेत

हे सर्व पुस्तकी वाटू नये म्हणून प्रत्यक्ष पाहिलेला एक प्रसंग सांगते. आमच्या गावच्या शाळेत गेल्या वर्षी एक नव्या बाई आल्या. या लेखाचा विषय सांगितल्यावर त्या मला केंद्राच्या शिक्षण परिषदेस घेऊन गेल्या. केंद्रातील दहा-बारा शाळांचे शिक्षक महिन्यातून एकदा अशा परिषदेसाठी जमतात. पहिला तास परिपत्रकांच्या वाचनात गेला आणि मागच्या सतरंजीवर दोघे-तिघे पेंगू लागले. मग बाई उठल्या. गावात रेंज मिळत नाही, म्हणून आदल्या दिवशी फाट्यावर थांबून चित्रफिती मोबाईलमध्ये कशा उतरवून घ्यावयाच्या आणि दुसऱ्या दिवशी वायर जोडून टीव्हीवर कशा दाखवावयाच्या, हे त्यांनी करून दाखविले. चित्रफीत मध्येच थांबवून त्यांनी आम्हालाच विचारले, "आता पुढे काय होईल, सांगा." मुलांना त्या असेच विचारतात. नुसती चित्रफीत लावून दिली तर मुले सिनेमासारखी पाहतात आणि विसरतात, असे त्यांचे म्हणणे होते.

तेवढ्यात एका ज्येष्ठ गुरुजींनी विचारले, "बाई, सगळं खरं, पण बिघडला तर?"

बाई म्हणाल्या, "गुरुजी, पहिल्याच आठवड्यात माझ्या हातून पिन तुटली. चौथीतल्या एका पोराचे वडील मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवतात. त्यांनी दीडशे रुपयांत बसवून दिली. शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत मी ते सांगितलं आणि खर्च मंजूर झाला."

गुरुजी क्षणभर थांबले व म्हणाले, "म्हणजे बिघडला तर फाशी नाही!" सगळे हसले. पण त्यानंतर तब्बल सहा जणांनी आपापल्या शाळेतील बंद पडलेल्या साधनांच्या अडचणी सांगितल्या. एकाकडे रिमोट नव्हता, तर एकाच्या शाळेची वीज बिल थकल्यामुळे तोडली होती. परिषद संपली तरी चौघे जण बाईंभोवती उभे होते. तेथे कोणालाही प्रमाणपत्र मिळाले नाही. तरीही त्या दिवशी त्या अर्ध्या तासात प्रत्येक जण काहीतरी शिकून गेला, असे मी खात्रीने सांगू शकते.

काय व्हावे?

माझ्या अल्प बुद्धीला सुचलेल्या काही गोष्टी नम्रपणे मांडते.

पहिली गोष्ट म्हणजे शिक्षण परिषदेतील किमान निम्मा वेळ शिक्षकांनी शिक्षकांना करून दाखविण्यासाठी राखून ठेवावा. परिपत्रके मोबाईलवर वाचता येतात.

दुसरी गोष्ट, शाळेतील कोणतेही साधन किमान दोघांना चालविता आले पाहिजे. बदली होणाऱ्या शिक्षकाने निघण्यापूर्वी आपली पद्धत सहकाऱ्याला शिकवून आणि लिहून ठेवावी. आमच्या शाळेत एवढेच झाले असते, तर माझ्या भावाची चार वर्षे वाया गेली नसती.

तिसरी गोष्ट, वापरताना साधन बिघडणे हा गुन्हा मानला जाऊ नये. तपासणीत साधन धड आहे का, याबरोबर ते या महिन्यात किती वेळा वापरले, हेही विचारावे.

चौथी गोष्ट संघटनांसाठी आहे. ज्या वर्गणीतून हक्कांचा लढा चालतो, त्याच वर्गणीतला थोडा भाग तालुक्याच्या ठिकाणी एखादी कार्यशाळा, एखादे लहान ग्रंथालय किंवा शिक्षकांच्या अनुभवांचे एखादे नियतकालिक यांसाठी वापरावा. पुण्याहून निघणारे 'जीवन शिक्षण' मासिक शाळेत येते. ते वाचण्याबरोबरच त्यात लिहिण्याची सवय आपल्या जिल्ह्यातील शिक्षकांना लागावी. लिहिणारा शिक्षक आपल्या वर्गाकडे अधिक बारकाईने पाहू लागतो.

यावर कोणी म्हणेल की चांगला शिक्षक खडू-फळ्यावरही शिकवितो. ते सर्वस्वी सत्य आहे. २०२० साली शाळा बंद असताना आमच्या घरी एकच मोबाईल होता आणि तो वडिलांबरोबर वावरात जाई. तेव्हा एक शिक्षक मारुतीच्या पारावर येऊन आम्हा पाच-सहा मुलांना शिकवीत. त्यांच्याजवळ कोणतेही यंत्र नव्हते. तंत्रज्ञान त्या शिक्षकाची जागा घेऊ शकत नाही. पण ज्या वस्तूसाठी मजुरांनी आपली मजुरी दिली आहे, ती धूळ खात पडू देण्याचा अधिकारही कोणाला नाही.

आपल्यापैकी अनेक जण उद्या डी. एल. एड. किंवा बी. एड. करून शिक्षक होतील. नोकरी लागल्यावर आपल्यापुढे वेगवेगळ्या सदस्यत्वाचे अर्ज येतील. सही करण्यापूर्वी 'मला काय मिळेल?' हे जरूर विचारावे. त्याबरोबरच 'मी काय शिकेन आणि कोणाला काय शिकवीन?' हेही विचारावे, एवढीच विनंती आहे.

जाता जाता एक आनंदाची बातमी. गेल्या महिन्यात बाईंनी आमच्या शाळेचे ते लोखंडी कपाट उघडले. आठ वर्षांपूर्वीचा टीव्ही दुरुस्त होईल की नाही, हे अजून ठरायचे आहे. वडिलांनी मात्र देव्हाऱ्यामागची पावती काढून पुन्हा एकदा पाहिली.