जुन्या चित्रांतील तडे आणि संगणक

जुने तैलचित्र जवळून न्याहाळले असता त्यावर सूक्ष्म तड्यांचे जाळे पसरलेले दिसते. ही केवळ काळाने केलेली नासधूस आहे, असे मात्र समजू नये. लाकडी फळीवर चित्र काढण्यापूर्वी फ्लेमिश चित्रकार तिच्यावर खडू व सरस यांचा लेप देत असत. हवेतील दमटपणा कमीअधिक झाला, की लाकूड आडव्या अंगाने फुगते वा आकसते. वाळून ठिसूळ झालेल्या लेपाला व रंगाला ती ओढ सोसत नाही आणि ते तडकतात. म्हणून फळी कशाची, लेप कोणता व किती जाड, यांवर तड्यांची ठेवण अवलंबून असते. फ्लेमिश फलकांवरील तडे बहुधा लाकडाच्या रेषांना धरून जातात. अठराव्या शतकातील फ्रेंच कॅनव्हासवर ते वळणदार असतात. १९९० नंतरच्या दशकात केंब्रिज येथील स्पाइक बक्लो यांनी तड्यांची दिशा, वळण व त्यांनी वेढलेल्या तुकड्यांचा आकार अशा लक्षणांवरून चित्रांचे वर्ग पाडून दाखविले.

परंतु तडा मोजावयाचा तर आधी तो ओळखला पाहिजे. संगणकाच्या दृष्टीने चित्र म्हणजे ठिकठिकाणच्या उजळपणाचे आकडे. त्यांत तडा म्हणजे भोवतालाहून काळसर अशी अरुंद, लांबट पट्टी. ती शोधण्याची एक युक्ती मोठी साधी आहे. सुतार फटींत लुकण भरतो, त्याप्रमाणे संगणक चित्रातील अरुंद काळ्या जागा शेजारच्या उजळ आकड्यांनी भरून काढतो. मग भरलेल्या चित्रातून मूळ चित्र वजा करतो. जेथे भर पडली तेवढ्याच जागा शिल्लक राहतात. पण चित्रकाराने रेखाटलेला केसही बारीक व काळाच असतो! ही युक्ती त्यालाही तडाच समजते.

बेल्जियममधील गेंट येथील सेंट बाव्हो कॅथीड्रलमध्ये व्हान आयक बंधूंचे १४३२ मध्ये पूर्ण झालेले बहुफलकी वेदिचित्र आहे. ह्या अडचणीचे सर्वांत कठीण उदाहरण त्यातच सापडते. त्याच्या एका फलकावर मेरीपुढे उघडा ग्रंथ रंगविला असून त्यातील अक्षरे अतिशय बारीक आहेत. अक्षराची रेघ आणि तडा यांची जाडी व काळेपणा जवळजवळ सारखाच. तडा समजून एखादी रेघ पुसली गेली, तर शब्दच बदलावयाचा. काही ठिकाणी तड्यांच्या कडेचा रंग निघून खालचा पांढरा लेप उघडा पडला आहे, त्यामुळे गुंता आणखी वाढतो.

इन्ग्रिड डोबेशी ह्या गणितज्ञ व त्यांचे सहकारी यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात एकाच युक्तीवर भिस्त ठेवली नाही. वर सांगितलेल्या पद्धतीच्या जोडीला निरनिराळ्या दिशांच्या लांबट गाळण्या घेतल्या. तिसऱ्या पद्धतीत चित्राच्या लहान लहान तुकड्यांवरून संगणकालाच तड्यांचे नमुने शिकू दिले. तिन्हींच्या निर्णयांचा मेळ घालून तड्यांचा नकाशा ठरविला गेला. ग्रंथाची पाने तर वेगळी काढून हाताळावी लागली. त्यानंतर तड्यांच्या जागी शेजारच्या रंगाशी जुळणारे तुकडे बसविले, आणि जुन्या लिपींच्या अभ्यासकांना तो मजकूर वाचणे सुकर झाले.

हा सारा खटाटोप छायाचित्रावरच होतो. ओकच्या मूळ फळीला कोणी हात लावीत नाही. तरीही तड्याखाली काय होते, हे संगणकास ठाऊक नसते; तो शेजारावरून तर्क करतो. म्हणूनच एखाद्या अक्षराविषयी वाद उपस्थित झाल्यास भरलेल्या प्रतीशेजारी तड्यांसहित मूळ छायाचित्र ठेवूनच निर्णय करणे युक्त होय.